झुलणारी थोरली

शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे, गवताच्या मोकळ्या मैदानात मोठमोठ्या पांढऱ्या डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या कडेला एक दुमजली इमारत होती आणि वरच्या मजल्यावर नियंत्रण कक्ष. यंत्रांना ऊब सोसत नाही म्हणून तिथे बारा महिने गारठा. सुकाणूबाईंची जाड शाल त्यांच्या खुर्चीवर कायम पडलेली असायची. शाल खुर्चीवर दिसली की बाई जागेवर नाहीत, आणि बाईंच्या खांद्यावर दिसली की कामात आहेत, मध्ये बोलायचं नाही, हे नव्या माणसालाही दोन दिवसांत कळायचं.

सुकाणूबाई हे नाव त्यांना बॅटरीकाकांनी दिलं होतं. उपग्रहाच्या विजेचा सगळा कारभार काकांकडे, आणि उपग्रहाला त्याच्या जागेवर धरून ठेवण्याचं काम बाईंकडे. उपग्रहाचं कागदावरचं नाव चांगलं हातभर लांब, अक्षरं आणि आकड्यांचं होतं. ते कोणी घेत नसे. त्याच्या जागी पुढे दुसरा जाणार हे ठरलं तेव्हापासून हा झाला थोरली, आणि जो अजून कारखान्यात सुट्या भागांत पडला होता तो झाला धाकटी. बाई अगदी पहिल्या दिवसापासून थोरलीबरोबर होत्या. ती वर गेली तेव्हा बाईंच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

छत्तीस हजार किलोमीटरवर ही थोरली पृथ्वीच्या पावलाला पाऊल लावून फिरायची, म्हणून खालून बघणाऱ्याला ती आभाळात एकाच ठिकाणी खिळल्यासारखी. पण खिळलेली म्हणजे स्वस्थ बसलेली नव्हे. चंद्र आपल्याकडे ओढतो, सूर्य आपल्याकडे ओढतो, आणि खुद्द पृथ्वीही काही नीट गोल नाही, तीही हळूच बाजूला सरकवते. बाईंचे यजमान, मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचे. हे सगळं त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखंच की! सगळ्यांनी ओढायचं आणि तिने मात्र जागचं हलायचं नाही."

ती हलली की बाई तिला परत जागेवर आणायच्या. इथून आज्ञा पाठवायची, तिथे नळीतून क्षणभर इंधनाचा फुस्कारा सुटायचा, आणि थोरली मुकाट्याने आपल्या चौकटीत यायची. "उंटावरून शेळ्या हाकायच्या," बॅटरीकाका म्हणायचे, "फक्त आपला उंट जरा जास्तच उंच आहे."

थोरलीच्या पोटातून काय काय जायचं! बातम्या, गाणी, बँकांचे हिशेब, जहाजांचे निरोप. पण खाली बहुतेक ठिकाणी जमिनीतून तारा आल्या तसं यातलं बरंचसं तिच्याकडून निघून गेलं. राहिली ती दूरची बेटं. तिथे तार न्यायला कोणाला परवडत नव्हतं. बेटांचं सगळं बोलणं, शाळा, हवामानाचे इशारे, दवाखाने, थोरलीच्याच भरवशावर. आणि त्यातल्याच एका बेटावर बाईंची नणंद राहत होती.

या नणंदेची गोष्ट जरा आधीपासून सांगायला हवी. बाईंचं लग्न झालं तेव्हा ती डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी दादाकडेच राहायची. बाई तिला रीतसर 'वन्सं' म्हणत आणि 'अहो-जाहो' करत. 'अहो-जाहो' महिनाभरात गळालं, 'वन्सं' तेवढं चिकटून राहिलं. दोघी हुशार, दोघी फटकळ, आणि दोघींना समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची सवय नाही. जेवणाच्या टेबलावर एकीने 'पंखा' म्हणावं आणि दुसरीने 'बंद कर' म्हणून मोकळं व्हावं, मग पहिलीने "मी लाव म्हणणार होते!" असं तोंड फुगवावं. मास्तर मधल्या खुर्चीवर. ते आपलं उकडलेलं अंडं इतक्या मन लावून सोलायचे की, टरफलाचा एक कपचा राहील तर शपथ.

पुढे वन्सं डॉक्टर झाली आणि बेटावरच्या दवाखान्यात जाऊन बसली. तिथून पहिला फोन आला तो थोरलीमार्फत. आता थोरलीमार्फत बोलायचं म्हणजे आवाजाला वर जाऊन खाली यायला थोडा वेळ लागतो. फार नाही, पापणी लवण्याइतकाच. पण तेवढ्याने या दोघींची पार फजिती झाली.

"वहिनी, मी इथे..."

"अगं, पोचलीस का..."

"पोचले म्हणून तर..."

"हॅलो?"

"हॅलो? बोल ना!"

"तूच बोल!"

शेवटी मास्तरांनी फोन हातात घेतला आणि तोडगा काढला. जिचं बोलून झालं तिने 'झालं' म्हणायचं, मग दुसरीने सुरुवात करायची. दोघींनी नाक मुरडलं, पण इलाज नव्हता. आणि गंमत अशी की, इतकी वर्षं एका टेबलावर जेवून जे जमलं नाही ते त्या एवढ्याशा उशिराने जमवलं. वन्संला वहिनीची अख्खी वाक्यं ऐकू येऊ लागली, आणि वहिनीला कळलं की वन्संच्या वाक्याच्या शेपटीला बऱ्याचदा एखादी मायेची गोष्ट असते, जी आजवर कधी ऐकूच आली नव्हती. दोघींचं मेतकूट असं जमलं की, मास्तरांना त्यांच्याच घरात बातम्या शेवटी कळायला लागल्या.

तर अशी ही थोरली आता म्हातारी झाली होती. यंत्रं धडधाकट होती, पण इंधन संपत आलं होतं. आणि ते नेमकं किती उरलंय हे कोणालाच सांगता येत नव्हतं. टाकीत दांडी घालून बघायची सोय नाही. तिकडे वजनच नाही, तर टाकी तोलणार कशी? आजवर किती फुस्कारे मारले त्याची वजाबाकी करायची आणि अंदाज बांधायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं संचालकसाहेब म्हणायचे. मूठ रिकामी निघेल ही धास्ती मात्र त्यांना सतत असायची.

संचालकसाहेब भला माणूस, पण सावध. गरम पाणीसुद्धा फुंकून, मग थोडं थंड पाणी घालून, मग पुन्हा फुंकून पिणारे. धाकटीचं उड्डाण वर्षभर पुढे गेल्याची बातमी आली, त्या सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"धाकटी येत नाही, आणि थोरलीत वर्षभराचं इंधन नाही," ते म्हणाले. "जाताना तिला स्वतःच्या पायांनी वरच्या अंगाला, वाटेबाहेर जाता आलं पाहिजे. नाहीतर ती शेजारच्या उपग्रहांच्या रस्त्यात मेल्या जनावरासारखी पडेल. तेव्हा माझ्या मते तिला आताच निरोप द्यावा. बेटांना वर्षभर कळ काढावी लागेल. वाईट वाटतं, पण नाइलाज आहे."

बाईंनी शाल नीट केली.

"साहेब, इंधन सगळ्यात जास्त कशात जातं?"

"तुम्हीच सांगा. तुमचंच खातं आहे."

"उत्तर-दक्षिण सांभाळण्यात. चंद्रसूर्य तिला वर-खाली ओढतात, आणि आपण हट्टाने तिला सरळ धरून ठेवतो. तो हट्ट सोडून देऊ. पूर्व-पश्चिम तेवढं सांभाळू, त्याला चिमूटभर लागतं. शेजाऱ्यांच्या हद्दीत ती जाणार नाही. फक्त झुलेल."

"झुलेल म्हणजे?"

"दिवसातून एकदा थोडी वर जाईल, थोडी खाली येईल. आधी एवढीशी, मग महिन्यागणिक जास्त. बेटांवरच्या डिश खिळ्यासारख्या एकाच जागी बघतात. त्यांना तिच्यामागे मान हलवायला शिकवावं लागेल. बस."

"आणि शिकवणार कोण? तिथे आपला एक माणूस नाही."

"माझी नणंद आहे," बाई म्हणाल्या. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून त्यांनी घाईने जोड दिली, "म्हणजे, सुरुवात तिच्यापासून करू. तिला जमलं तर कोणालाही जमेल. तिने आयुष्यात स्वतःचं घड्याळ कधी लावलेलं नाही."

बॅटरीकाका खोकल्याच्या आडून हसले. साहेबांनी पाण्यावर फुंकर घातली. बराच वेळ घातली. मग म्हणाले, "एका अटीवर. शेवटच्या प्रवासाचं इंधन वेगळं काढून ठेवायचं. त्याला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. काहीही म्हणजे काहीही."

"कबूल," बाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या गच्चीवरच्या डिशला मागे एक आट्यांचा दांडा होता. तो फिरवला की डिशचं तोंड वर किंवा खाली व्हायचं. बसवल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता आणि तो गंजून घट्ट बसला होता. वन्संने दवाखान्याच्या होडीवरच्या नावाड्याला बोलावलं. दोघांनी मिळून दिवसभर त्याला तेल पाजलं, ठोकलं, शिव्या दिल्या. शेवटी दांडा करकरत फिरला तेव्हा खाली रांगेत बसलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी फोनवरून धडा दिला: थोरली केव्हा वर असेल, केव्हा खाली, केव्हा किती आटे फिरवायचे, आणि हे रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं लवकर का करायचं.

"थोडं लवकर? रोज?" वन्संने विचारलं. "झालं."

"रोज. पृथ्वी सूर्याभोवतीही फिरते ना, त्यामुळे तिचा झोका तुमच्या घड्याळाच्या थोडा पुढे धावतो. झालं."

पलीकडून नावाड्याचा आवाज आला, "काय पण बया आहे! भरती रोज उशिरा येते आणि ही रोज लवकर. एकीची वाट बघायची आणि दुसरीला गाठायचं, माझं आयुष्य यातच जायचं बहुतेक!"

पण जमलं. एका बेटावर जमलं, मग दुसऱ्यावर, मग सगळ्यांवर. कुठे शाळेच्या मुख्याध्यापिका दांडा फिरवायच्या, कुठे पोस्टमास्तर. थोरली झुलत राहिली आणि खाली बेटाबेटांवरची माणसं तिच्यामागे डिशचं तोंड फिरवत राहिली. "तुझी थोरली बसल्या जागी डुलक्या काढते, आणि आम्ही तिचा पाळणा हलवतो," वन्सं म्हणायची. बाईंना ते बरं वाटायचं. पडद्यावर थोरलीची वाट आता एका ठिपक्याऐवजी सडपातळ आठासारखी दिसायची. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या आधी तो आठ बघायच्या आणि मगच खुर्चीत बसायच्या. ते दिवस त्यांचे फार समाधानात गेले.

आणि मग एका सकाळी थोरलीचं चाक अडकलं.

थोरलीच्या पोटात एक जड चाक अखंड गरगरत असायचं. फिरता भोवरा जसा पडत नाही तसा त्या चाकाच्या जोरावर तिचा तोल राहायचा. इतक्या वर्षांनी त्याचं वंगण आटलं. बाई चहाचा कप ठेवत होत्या तेवढ्यात पडद्यावरचा एक आकडा घसरला, मग आणखी एक, मग ओळीने लाल दिवे. थोरलीने शिकवल्याप्रमाणे केलं: सगळी कामं टाकली, विजेचे पंख सूर्याकडे धरले, आणि स्वतःभोवती हळूहळू गिरकी घेत राहिली. जिवंत होती, पण पृथ्वीकडे तिचं तोंड नव्हतं. तिच्याकडून एक बारीकशी खूण तेवढी ऐकू येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

"पंखांवर ऊन आहे," बॅटरीकाका म्हणाले. "बॅटरी भरलेली आहे. माझ्याकडून चिंता नाही."

बाईंनी दुसरा पडदा बघितला. चाक अडकलं त्या क्षणी कोणाकोणाच्या बोलण्याच्या वाटा चालू होत्या ते त्यावर दिसत होतं. त्यात बेटावरच्या दवाखान्याची वाट होती, आणि पलीकडचं टोक शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या प्रसूती विभागात होतं. वन्सं मोठ्या डॉक्टरांना असाच फोन करत नसे. ती कोणालाच सहजासहजी काही विचारत नसे.

संचालकसाहेब जवळजवळ धावत आले.

"काय करता येईल?"

"एक राखीव चाक आहे, ते फिरवून बघू. पण त्याआधी तिला पृथ्वी दिसायला हवी. दोन रस्ते आहेत," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परक्या माणसाचा वाटला. "एक, आताच नळ्यांनी जोर लावून तिला फिरवायची. तासाभरात काम होईल. पण राखून ठेवलेलं इंधन त्यात जाईल, किती ते सांगता येत नाही. दुसरा, संध्याकाळपर्यंत थांबायचं. तेव्हा सूर्य आणि पृथ्वी तिच्यापासून काटकोनात येतात. ती गिरकी घेतेच आहे, आपोआप पृथ्वी तिच्या डोळ्यांसमोरून जाईल, तिथे तिला धरायची. चिमूटभर इंधनात."

साहेबांनी तो दुसरा पडदा बघितला होता. बाईंची नणंद कुठे असते हे इमारतीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी अट घातली होती. पण आज तुम्ही सांगाल ते करू."

ही फार अवघड सवलत होती. अट असती तर अटीवर ढकलता आलं असतं. बाई खिडकीशी गेल्या. खाली गवत कापायचं यंत्र एका डिशला वळसा घालून चाललं होतं. तासाभरातही फार उशीर होऊ शकतो, हे त्यांना दिसत होतं. घाईत थोरली हातची गेली तर एका दवाखान्याची वाट नव्हे, सगळ्याच बेटांच्या वाटा जातील, आणि वर रस्त्यात एक धोंड कायमची राहील, हेही दिसत होतं. आणि या सगळ्याच्या खाली, पार तळाशी, वन्संचा चेहरा होता, तोंड फुगवलेला.

"थांबू," त्या म्हणाल्या.

तो दिवस त्यांनी कसा काढला हे त्यांनाच माहीत. कामं पुष्कळ होती; आज्ञा लिहायच्या, तपासायच्या, पुन्हा तपासायच्या. पण हात चालत असले तरी मन ठिकाणावर नव्हतं. काकांनी पुढ्यात आणून ठेवलेला पाव तसाच वाळून गेला. मास्तरांचा शाळेतून फोन आला. त्यांना काही माहीत नव्हतं, येताना साबण आणशील का, एवढंच ते विचारत होते. बाई "आणते" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दिवस कलायला आला तसे सगळे जण पडद्यांसमोर गोळा झाले. पृथ्वीची कड पहिल्यांदा थोरलीच्या नजरेच्या टोकाला लागली आणि निसटली. बाई थांबल्या. पुढच्या गिरकीत पुन्हा आली. अजून थांबल्या. तिसऱ्या वेळी पृथ्वी बरोबर मधून जाऊ लागली तेव्हा त्यांनी आज्ञा सोडली. राखीव चाक इतकी वर्षं फिरलेलंच नव्हतं. ते क्षणभर अडलं, मग हळूहळू, कुरकुरत, वेग घेऊ लागलं. गिरकी मंदावली. थांबली. पृथ्वी थोरलीच्या डोळ्यासमोर होती आणि तिथेच राहिली.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा संचालकसाहेबांना मिठी मारली. साहेबांनी पाणी न फुंकता प्यायलं आणि जीभ भाजून घेतली.

एकेक वाट चालू करत बाईंनी बेटाचा नंबर लावला.

"वन्सं?" त्यांनी विचारलं.

"आलात का सगळे!" पलीकडून आवाज आला, दमलेला आणि ठणठणीत. "ऐक वहिनी, मध्ये बोलू नकोस. सकाळी एक बाळंतीण आली, बाळ पायाळू. होडीने न्यायला वेळ नाही. शहरातल्या मोठ्या डॉक्टरबाईंना फोन लावला, त्या सांगतायत, 'डॉक्टर, सगळ्यात महत्त्वाचं...' आणि फोन बंद! सगळ्यात महत्त्वाचं काय, ते वरच राहिलं! मी तशीच उभी. आणि मग आठवलं गं. पायाळू बाळाला ओढायचं नसतं. आईला कळा देऊ द्यायच्या आणि आपण हात मागे घेऊन बसायचं. तेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच सगळ्यात कठीण. मी हात पाठीमागे बांधले, अक्षरशः बांधले, आणि बसले. मुलगी झाली. आवाज तर असा की नावाडी म्हणतो, आता फोनची गरजच नाही. झालं."

बाईंनी सरळ सांगून टाकलं. "वन्सं, तुला लवकर जोडता आलं असतं. तासाभरात. मला माहीत होतं तू कोणाशी बोलत होतीस. मी संध्याकाळपर्यंत थांबले. झालं."

थोरलीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

"थोरली शाबूत आहे ना?" वन्संने विचारलं.

"आहे. राखलेलं सगळं इंधनही."

"मग बरं केलंस," वन्सं म्हणाली. "उद्या मला त्या बाळंतिणीसाठी रक्ताच्या तपासणीचं विचारायचं आहे, आणि परवा दुसऱ्या कोणासाठी. एक दिवस मी निभावलं. रोज नाही निभावता येणार." मग थोड्या वेळाने, "पण खरं सांगू? घाबरले होते मी. तू समोर असतीस तर भांडले असते. झालं."

"भांड की," बाई म्हणाल्या, आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, शालीच्या टोकाने डोळे पुसले.

धाकटी पुढच्या वर्षी उडाली. ती पोचली, तिने पंख पसरले, तिची तपासणी झाली, आणि एका शांत आठवड्यात बेटांच्या वाटा थोरलीकडून तिच्याकडे गेल्या. बेटांवरच्या डिश पुन्हा एका जागी खिळल्या. नावाड्याला काही दिवस चुकल्या-चुकल्यासारखं झालं, पण मग त्याला भरतीशी भांडायला जास्त वेळ मिळू लागला.

थोरलीला वर न्यायचं काम बाईंनी स्वतः केलं. एक धक्का, मग अर्ध्या दिवसाने दुसरा, असं करत ती हळूहळू आपल्या जुन्या वाटेच्या वर चढत गेली. जेवढं वर न्यायचा नियम आहे तेवढी ती पोचली, आणि तरी नळ्यांत जोर होता. मग आणखी वर. तरीही होता. झाकली मूठ उघडली ती चांगली भरलेली निघाली. "आपण उगाच भ्यायलो की हो!" साहेब म्हणाले. काका म्हणाले, "म्हणूनच उरलं, साहेब." शेवटी नळीतून नुसती वाफ यायला लागली. टाक्या रिकाम्या झाल्या, काकांनी बॅटऱ्या सोडवल्या, आणि उरली ती एकच आज्ञा, आवाज बंद करण्याची.

ती सकाळची वेळ होती. खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं. बाईंना वाटलं होतं आपल्याला रडू येईल. पण आलं नाही. थोरलीने आपलं काम पूर्ण केलं होतं, वेळेच्या पुढेही केलं होतं, आणि आता ती कोणाच्या वाटेत नव्हती. त्यांनी आज्ञा पाठवली. पडद्यावरची रेघ खाली बसली. काका म्हणाले, "पोचली." कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. साहेबांनी बाईंना आठवडाभर रजा घ्यायला सांगितलं आणि बाईंनी चक्क घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर त्यांना घेऊन बाजारात गेले. घरातल्या गादीला मध्ये असा खड्डा पडला होता की, दोघं रात्री आपापल्या कडेला झोपायचे आणि सकाळी मध्ये गोळा झालेले सापडायचे. किती दिवस जाऊ-जाऊ चाललं होतं, पण बाईंना वेळ झाला नव्हता. दुकान मोठं होतं, ओळीने गाद्या मांडलेल्या. दुकानदार म्हणाला, "झोपून बघा ताई, लाजू नका. झोपल्याशिवाय गादी कळत नाही."

पहिली फार कडक होती. दुसरीवर बाई जेमतेम बसल्या आणि उठल्या. तिसरीवर त्या आडव्या झाल्या, चपला खाली, पर्स पोटावर. "ही बरी वाटते," त्या म्हणाल्या. "पण जरा नीट बघते." आणि त्यांनी डोळे मिटले.

मास्तर किंमत बघून आले, उशा दाबून आले, खोळीचे रंग बघून आले. परत येऊन बघतात तर बाई गाढ झोपलेल्या. तोंड थोडं उघडं, घोरण्याचा अगदी बारीक आवाज. आजूबाजूला गिऱ्हाइकं येत-जात होती. एका लहान मुलीने आईला बोट दाखवलं आणि आईने तिचं बोट खाली केलं.

दुकानदार जवळ आला आणि कुजबुजला, "उठवू का?"

"नको नको," मास्तर म्हणाले. त्यांनी बाईंच्या पोटावरून निसटू पाहणारी पर्स अलगद काढून घेतली आणि गादीच्या कडेला बसले. "हीच द्या. आता दुसरी दाखवू नका."

"बरं. आणि त्या?"

"त्या आहेत तिथेच राहू द्या थोडा वेळ," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे चहा मिळेल का?"